गोफण, पिंजरा आणि पोपटाचं खेळणं



आजचा विषय फलकावर वाचून दारातच दोघे-तिघे हसले, ते आम्ही पाहिलं. इतिहासाच्या व्याख्यानाला यायचं आणि ऐकायचं काय, तर पोपटाची खेळणी! हसण्यासारखं आहेच. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे आला. गेल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्याच एका गावात मंदिरांवर बोलून आम्ही खाली उतरलो, तर एक मुलगा मोबाइल घेऊन पुढे आला. नववी-दहावीतला असेल. मोबाइलवर रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचा एक संच होता. घंटा, आरसा, शिडी, झोका, सगळं एकत्र. म्हणाला, "सर, आमच्या मिठूसाठी घ्यायचंय. चांगलं असंल का? चावून काही व्हायचं नाही ना त्याला?"

आम्ही इतिहासवाले. आम्हाला काय कळतंय? म्हटलं, बघून सांगतो. मग शोधायला लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. पोपट आपल्याकडे दोन हजार वर्षं घरात आहे, साहित्यात आहे, देवळाच्या भिंतीवर आहे, पैठणीच्या काठावर आहे. पण त्याला खेळायला काही द्यावं, हा विचार जुन्या मजकुरात आम्हाला कुठे सापडेना. कारण सरळ होतं. खेळणं तर तोच होता!

आधी आपल्या भागापासून सुरुवात करू. बीड जिल्ह्यात पोपटाशी आपलं नातं दुटप्पी आहे. ज्वारी-बाजरी दाण्यात आली की माळ्यावर चढायचं, गोफणीत दगड घालायचा आणि हाळी देऊन पोपटांचे थवे उडवायचे. कणसावर बसलेला पोपट खातो थोडं आणि सांडतो जास्त, त्यामुळे शेतकऱ्याचा राग खोटा नाही. आणि तोच शेतकरी संध्याकाळी घरी आला की ओसरीवरच्या पिंजऱ्यापुढे उभा राहून "विठू विठू" करतो, हातातली मिरची आत सरकवतो. शेतात गोफण, ओसरीत पिंजरा. या दोन्हींच्या मधला पोपट, म्हणजे आपल्या मर्जीनं जगणारा पोपट, आपल्याला फारसा माहीतच नाही.

तो एकदा दिसतो, आणि फार जुन्या काळी दिसतो. गोदावरी ओलांडली की पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह आपल्याला ठाऊक आहे. त्यात आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या थव्यावर एक गाथा आहे. हिरवी अंगं, लाल चोची, आणि कवीला आठवतो तो पाचू-माणकांचा कंठा. थवा मोकळा आहे, कुणाच्या मालकीचा नाही. कवी नुसता पाहतोय. हे दृश्य आजही गेवराईकडे गोदाकाठी संध्याकाळी दिसतं. तिकीट लागत नाही.

पुढचा पोपट मात्र घरात आलेला आहे. साधारण तिसऱ्या शतकातलं ‘कामसूत्र’ घ्या. चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-मैनांना बोलायला शिकवणं ही एक कला आहे. शहरातल्या रसिक माणसाची दिनचर्या तिथं दिली आहे. त्याच्या निजायच्या खोलीबाहेर पाळीव पक्ष्यांचे पिंजरे, आणि दुपारचं जेवण झालं की पोपटांना बोलायला शिकवण्यात वेळ घालवायचा. म्हणजे जेवल्यावर आपण मोबाइल बघतो तसं. तिकडं रोममध्ये पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो की भारतातून येणाऱ्या या पक्ष्याचं डोकं फार टणक असतं, म्हणून बोलायला शिकवताना त्याला लोखंडी कांबीनं मारतात, नाहीतर त्याला मार लागतच नाही. इथं लाड, तिथं मार. पण दोन्हीकडे अपेक्षा एकच: बोल!

आता एक मजेदार प्रसंग. ‘अमरूशतक’ हा संस्कृत शृंगारकाव्याचा संग्रह. त्यात एक नवी सून आहे. रात्री नवरा-बायकोचं जे बोलणं झालं ते घरातल्या पोपटानं ऐकलंय, आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तो ते सगळं म्हणून दाखवायला लागतो. सून लाजेनं अर्धी. ती काय करते? कानातल्या दागिन्यातला माणकाचा खडा त्याच्या चोचीपुढे धरते, जणू डाळिंबाचा दाणाच. चोच गुंतली, बोलणं थांबलं.

हा श्लोक आपण शृंगाराचा म्हणून वाचत आलो. आम्ही या वेळी तो पोपटाच्या बाजूनं वाचला. पोपटाच्या चोचीला काम द्यावं म्हणून मुद्दाम दिलेली, खाण्याची नसलेली वस्तू, असं आम्हाला जुन्या साहित्यात सापडलेलं हे पहिलं उदाहरण. म्हणजे पहिलं खेळणंच म्हणा ना. आणि दोन गोष्टी बघा. एक, ते दिलं गेलं ते पोपट रमावा म्हणून नाही, त्यानं गप्प बसावं म्हणून. दुसरं, ते धोक्याचं होतं. दागिन्यातला सुटा खडा, घशात अडकण्याच्या मापाचा. आज पक्ष्यांचा कुठलाही डॉक्टर असा सुटा मणी चोचीजवळ जाऊ देणार नाही.

मराठीत यायचं तर ज्ञानेश्वरीकडे यावं लागतं. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सहाव्या अध्यायात शुकनळिकेचा दृष्टान्त आहे. कीर्तनात तो आपण शंभरदा ऐकलेला असतो, पण ही नळी नेमकी चालते कशी हे थोडं थांबून बघू. पारधी दोरीत एक नळी ओवून आडवी बांधतो. पोपट तिच्यावर येऊन बसतो. त्याच्या वजनानं नळी फिरते आणि पोपट उलटा, डोकं खाली होऊन लोंबकळतो. आता पंजे सोडले की उडता येईल. पण तो घाबरतो आणि पंजे आणखी घट्ट आवळतो. त्याला वाटतं, आपल्याला बांधलंय. बांधलेलं कुणीच नसतं. ज्ञानदेवांना यातून जिवाचा भ्रम दाखवायचा आहे आणि तो त्यांनी असा दाखवलाय की त्यात भर घालायची आमची प्राज्ञा नाही.

आमचं लक्ष गेलं ते नळीकडे. फिरणारी, लोंबती, पंजात धरायची नळी. मंडळी, हाच तर झोका! त्या मुलाच्या मोबाइलवर जो फिरता झोका होता, त्याची बनावट हीच. तेव्हाच्या पारध्याला पोपटाचा स्वभाव बरोबर माहीत होता. त्याला उंचावरची आडवी वस्तू आवडते, दोन बोटं पुढे दोन मागे असा त्याचा पंजा ती पक्की धरतो, आणि भ्याला की तो सोडत नाही. जे ज्ञान सापळ्याला लागलं, तेच आज खेळण्याला लागतंय. फरक इतकाच की आता झोका फिरला तरी पोपटानं घाबरू नये, हे बघायचं.

पारधी म्हटलं म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण आपल्या जिल्ह्यात ती टाळता येत नाही. फासेपारधी या नावातच फास आहे. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरणं ही त्यांची विद्या होती आणि गिऱ्हाईक गावातलंच होतं. पिंजरा वाड्याच्या ओसरीत, नाव खराब पारध्याचं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून पुरता गेलेला नाही. पुढे वन्यजीव कायद्यानं पक्षी धरणं बंद केलं, ते बरोबरच केलं. पण ज्यांची पोटं त्यावर होती त्यांना दुसरं काय दिलं, हा प्रश्न विकत घेणाऱ्यांनी कधी विचारला नाही.

तर, पोपट घरात आला. घरात त्याचं काम काय? गोष्टी सांगायचं! संस्कृतातली ‘शुकसप्तती’ मराठीत ‘शुकबहात्तरी’ झाली. त्या जुन्या मराठी भाषांतराचा अभ्यास करून रिचर्ड श्मिट या जर्मन पंडितानं ते १८९७ मध्ये लाइपझिगला छापलं. फारसीत हाच ऐवज ‘तूतीनामा’ झाला आणि दख्खनच्या दरबारांत दखनी बोलीतही उतरला. कथा अशी: नवरा परगावी गेलेला, मागं बायको एकटी, तिचं मन बाहेर ओढ घेतंय. घरातला पोपट रोज रात्री एक गोष्ट काढतो आणि ती ऐकता ऐकता पहाट होते. सत्तर रात्री असंच.

नीट पाहिलं तर या कथेत एकटेपणावरचं औषध पोपट आहे. माणसाचं मन गुंतवून ठेवायची जबाबदारी त्याच्यावर. त्या सत्तर रात्री पिंजऱ्यात त्याचं स्वतःचं मन कुठं गुंतलं होतं, हे कथेला विचारायचं कारण नव्हतं. ही कथा थोड्या वेळानं पुन्हा लागणार आहे, लक्षात असू द्या.

पोपटाला मन असेल अशी शंका आलेला एक जुना लेखक मात्र आम्हाला भेटला, आणि तो निघाला बाबर बादशाह. ‘बाबरनामा’त हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचं वर्णन करताना तो लिहितो की पोपट शिकवलं तेवढंच बोलतो असं त्याला वाटत होतं. मग त्याच्या एका जवळच्या माणसानं सांगितलं की एकदा पिंजऱ्यावर कापड टाकलं, तर पोपट म्हणाला, माझं तोंड उघडं करा, श्वास घेता येत नाही. बाबर धूर्त आहे. खरंखोटं सांगणाऱ्याच्या माथी, असं म्हणून मोकळा होतो. पण गोष्ट लिहून ठेवतो. आपण मात्र ‘पोपटपंची’ हा शब्द काढला, न समजता केलेली घोकंपट्टी. निम्मा दोष तर शिकवणाऱ्याचाच!

शिल्पांकडे एक नजर टाकू. आपल्याच जिल्ह्यात धर्मापुरीला केदारेश्वराचं मंदिर आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी आहेत. अशा मंदिरांतून सुरसुंदरींचे जे ठरलेले प्रकार येतात, त्यांत एक शुकसारिका. तिच्या हातावर पोपट बसलेला असतो, आणि तिथं पिंजरा नसतो. शिल्पकाराला पिंजरा कोरणं अवघड नव्हतं. पण त्यानं पक्षी हातावर ठेवला.

मग पोपट हळूहळू नुसता आकार झाला. पैठणीच्या काठावर मुनिया म्हणून जो येतो तो पोपट. अडकित्त्याच्या दांड्याला पोपट. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर टांगलेले लाकडाचे नाहीतर चिंध्यांचे राघू. बाळानं बघत राहावं म्हणून आपण त्याच्या डोक्यावर खोटा पोपट टांगला. आणि खरा पोपट चार हातांवर, ओसरीच्या पिंजऱ्यात. त्याच्यापुढे काय टांगलं होतं? आमच्या आठवणीत आमच्या आळीतला एक पिंजरा आहे. गोल, पितळी, वर कडी. आत पाण्याची वाटी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एक मिरची, आणि मधोमध गुळगुळीत दांडी. बस. तो पोपट दिवसभर दांडीवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवत जायचा. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, "नाचतोय, नाचतोय" म्हणून.

तो नाचत नव्हता. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पोपट रानात काय करतो? पहाटे उठून कोसभर उडतो. तासन्‌तास खाणं शोधतो, शेंग फोडतो, साल सोलतो, पळस फुलला की फुलातला रस पितो. ढोली कोरतो, जोडीदाराची पिसं साफ करतो, भांडतो, ओरडतो. चोच सतत कामात असते. असा पक्षी पिंजऱ्यात ठेवला, की त्याचं खाणं पाच मिनिटांत वाटीत येतं आणि उरलेला दिवस रिकामा. मग तो एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, किंचाळतो, किंवा स्वतःचीच पिसं उपटतो. २००३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी लहान ॲमेझॉन पोपटांवर प्रयोग केला. काहींच्या पिंजऱ्यात खाणं शोधून-फोडून मिळेल अशी सोय केली, चढायला-चावायला वस्तू ठेवल्या. काहींना नेहमीचा रिकामा पिंजरा. रिकाम्या पिंजऱ्यातले पिसं उपटायला लागले. सोय असलेल्यांनी ते फारसं केलं नाही, आणि आधी उपटणाऱ्यांना सोय दिल्यावर ते सुधारले. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, आयरीन पेपरबर्ग या बाईंनी शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकी करडा पोपट घेतला. २००७ मध्ये तो मेला तोवर तो वस्तूंचे रंग, आकार ओळखून सांगत होता, मोजत होता. बाबराला जो संशय आला होता, त्याचा तपास असा चारशे-पाचशे वर्षांनी सुरू झाला म्हणायचा.

खेळण्याचा विचार यातून आला. लाड म्हणून नाही. हिरावलेल्या दिवसाची थोडी भरपाई म्हणून.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. पण त्याआधी एक कडू गोष्ट, जी आम्ही त्यालाही सांगितली. आपल्याकडचा हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरी ठेवणं हा गुन्हा आहे. करण पोपट, तुईया, हे आपले सगळे देशी पोपट त्यात आले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातून पक्ष्यांची प्रचंड निर्यात व्हायची, आपल्या पोपटाचीसुद्धा. लंडनच्या बागांत आज हाच कंठवाला पोपट मोकळा उडतो, तो पिंजऱ्यांतून सुटलेल्यांचा वंश. १९९०-९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद झाला. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तरी पोपटाचं संरक्षण कायम आहे. तरीही उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीतून पिल्लं काढली जातात आणि बाजारात येतात. त्यातली किती वाटेतच मरतात ते विकणाऱ्यालाच माहीत.

मग कायद्यानं काय पाळता येतं? ऑस्ट्रेलियातून आलेले बजरीगर, ज्यांना आपण सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतो आणि ते लव्हबर्ड नसतात; कॉकटील; आफ्रिकेचे खरे लव्हबर्ड. १८४० मध्ये जॉन गूल्ड यानं जिवंत बजरीगर पहिल्यांदा इंग्लंडला नेले, तिथून ते जगभर पिंजऱ्यात गेले. मोठे परदेशी पोपट ठेवायचे तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. आम्ही पाळा असं म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सांगतो.

पक्ष्यांच्या डॉक्टरांशी आम्ही बोललो, वाचलं, आणि मग घराघरांतल्या वस्तू डोळ्यांपुढे आणल्या. अंगावर काटा आला. आपला जुना पितळी पिंजरा! कळकलेलं पितळ पोपट चाटतो. स्वस्त जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. पोपट चोचीनं तो खरवडतो आणि जस्ताची विषबाधा होते. डाख दिलेल्या सांध्यात शिसं, जुन्या रंगात शिसं. घुंगरू तर सगळ्यांनाच गोड वाटतं, पण त्याच्या फटीत चोचीचं टोक नाहीतर नखी अडकते, आणि अडकलेला पक्षी झटके देऊन स्वतःला फाडून घेतो. किल्ल्यांची गोल कडी तशीच. सुती दोरी उसवली की तिचे धागे बोटाला गुंडाळतात, रक्त थांबतं. गिळले तर अन्नाच्या पिशवीत गोळा होतो. नायलॉनचा मांजा घरात असेल तर उचलून चुलीत घाला. आरसा? एकटा बजरीगर आरशातल्या पक्ष्याला जोडीदार समजून त्याला भरवायला बघतो, पोटातलं अन्न वर काढतो. बिचाऱ्याची फसवणूक. आणि खेळणं नसलेली एक वस्तू: नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघरात नको.

आपल्या भागातलं एक नाव मुद्दाम घेतो. गुंज. लाल, काळ्या टिपक्याची, मण्यासारखी. पोरं तिच्या माळा करतात. सोनाराच्या तराजूत ठीक आहे, पण फुटली तर ती जहर आहे, आणि पोपटाची चोच फोडायलाच असते. कण्हेरीची फांदी, रुईची फांदी, एरंडाच्या बिया, तीच गोष्ट. सीताफळाला आपल्या बीडचं भौगोलिक मानांकन मिळालंय याचा आम्हालाही अभिमान आहे, पण त्याच्या बियांची पूड लोक उवा मारायला वापरतात, त्यामुळे बिया लांब ठेवा. कपाशीच्या बांधावरचं काही आणू नका, फवारणी झालेली असते.

मग द्यायचं काय? इथं मात्र बीड जिल्हा श्रीमंत आहे. बाजारातल्या प्लास्टिकपेक्षा आपल्या शेतात जास्त आहे. पेरूची, कडुलिंबाची सालीसकट ओली फांदी, धुऊन. तीच दांडीही होते आणि चावायलाही होते. जाडी कमी-जास्त असली की उत्तम. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर उभं राहून तळव्याला घट्टे पडतात. बांबूची कांडी. बाजरीचं अख्खं कणीस उलटं टांगा, दाणा मिळवायला लोंबकळावं लागलं पाहिजे. वाळलेल्या कडब्याची पेंडी, पण वाळलेलीच; कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे इथं सांगायला नको. भुईमुगाच्या शेंगा टरफलासकट, मात्र बुरशीचा वास आला की फेकून द्या. आणि आमचा सगळ्यात आवडता शोध म्हणजे पळसाच्या पानाचा द्रोण. त्यात चार दाणे घालायचे, वरून दुसरा द्रोण ठेवायचा, काडीनं टोचायचा. पोपटाला ते सोडवायला वेळ लागतो. तो वेळ हेच खेळणं. नंतर द्रोणाचा चुरा होतो, तो केर काढायची तयारी ठेवा.

खेळणं फाटलं, तुटलं म्हणून त्याला रागावू नका. न तुटणारं खेळणं पोपटाच्या काय कामाचं? वस्तू आणली की लगेच आत कोंबायची नाही. नव्या वस्तूला तो भितो. दोन-चार दिवस पिंजऱ्याबाहेर, लांब ठेवा, बघू द्या. आठवड्यानं बदला. आणि माप बघा: बजरीगरला जे चालतं ते मोठा पोपट एका चाव्यात फोडून गिळतो. दुकानात उभं राहून स्वतःला एकच विचारा, ही वस्तू त्याच्या चोचीसाठी आहे की आपल्या डोळ्यांसाठी?

त्या मुलाला आम्ही हे फोनवर सांगितलं, कायद्याचं धरून. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ हा नंबर दिला. हेही सांगितलं की पिंजरा उघडून सोडून देऊ नका. पिल्लापासून हातानं भरवलेल्या पोपटाला ना खाणं शोधता येतं ना ससाणा ओळखता येतो. कुत्र्या-मांजराच्या तोंडी जाईल. ते काम जाणकारांकडे द्यायचं असतं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, तो आज्जीचा आहे."

दिवाळीनंतर त्या बाजूला काम निघालं म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले. दसरा झाला की कोयता निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडी परत येतो. हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना आम्ही काय सांगणार? घरात आजी आणि हा. मुलगा शाळेत गेला की आजी आणि मिठू. पिंजरा चौकटीला टांगलेला, जाळीचा मुलामा बऱ्याच ठिकाणी खरवडलेला. छातीवरची पिसं गेलेली. आम्ही बसलो आणि तो मोठ्यानं कुणाला तरी हाक मारायला लागला. आम्हाला वाटलं, शेजारणीला. मुलगा म्हणाला, आईचं नाव आहे. आजी सुनेला अशीच हाक मारायची, ते उचललंय त्यानं.

शुकबहात्तरी आम्हाला तिथं आठवली. माणसं परगावी गेलेली, घर रिकामं, आणि बोलायला पोपट. फक्त इथं दोघंही रिकामे होते.

आम्ही आजींना कायदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गुन्हा आसंल बाबा. पर त्याला नेल्यावर मी कुणाशी बोलू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि इतिहासाच्या व्याख्यात्यानं ते असल्याचा आव आणू नये. एवढं म्हणालो की त्याच्या छातीकडे बघा, तो बरा नाही. निदान डॉक्टरला दाखवू, आणि पुढचं तुमची सून आली की ठरवा. त्यावर त्या बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच उठल्या. पूजेला आणलेले पळसाचे द्रोण कोनाड्यात होते, त्यातले दोन काढले, आम्ही सांगितलं तसे शेंगदाणे घालून टोचले आणि आत ठेवले. मिठू आधी लांब सरकला. मग एक पंजा पुढे, मान तिरकी. पहिला द्रोण उघडायला त्याला पाव तास लागला असेल. आजी म्हणाल्या, "एवढा येळ गप कधीच बसला न्हाई."

१९२६ हा आकडा मुलानं कालनिर्णयावर, एप्रिलच्या पानावर लिहून ठेवलाय. एप्रिलमध्ये आई-वडील येतात म्हणून. परवा त्याचा फोन आला होता. जाळी बदललीय, पेरूची फांदी बसवलीय. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी औषध दिलंय आणि तेच सांगितलं जे आम्ही सांगितलं होतं. आजी रोज दोन द्रोण लावतात. द्रोण संपत आलेत, पळस कुठं जास्त मिळेल असं विचारत होता. आम्ही म्हटलं, नायगावच्या मोर अभयारण्याकडे असेल, पण तिथून तोडू नकोस, बांधावर बघ.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.